काचेच्या टाकीतली निंदणी

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी शिगेनोरी कुवाबारा यांनी ठरवलं, की घरात काचेची एक टाकी आणायची आणि तिच्यात गवत लावायचं. मासे मागाहून बघू. आधी गवत, तेही बोटभर उंचीचं, पाण्याखाली कुरण पसरल्यासारखं.

अडतीस वर्षं त्यांनी गावच्या कचेरीत भातशेतांच्या नोंदी केल्या होत्या. कुठलं खाचर कुणाचं, बांध कुठून कुठवर, सगळं तोंडपाठ. खाचरात मात्र त्यांनी कधी पाय घातला नव्हता. (मोजे खराब होतात.)

बायको फुसाए शेतकऱ्याची मुलगी. ती म्हणाली, "गवत? घरात? अहो, माझं अर्धं आयुष्य ते उपटण्यात गेलं."

"हे वेगळं. याला मात्सुबाई म्हणतात."

(नाव एखाद्या शेजारणीचं वाटलं, तरी हे भातखाचरात माजणारं, केसासारखं बारीक तण आहे.)

"मात्सुबाई मला सांगताय?" फुसाए म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या घरात तेव्हा हसायला फारसं कुणाला सुचत नव्हतं. वसंतात फुसाएचे वडील, एइसाकु, डोंगरातलं घर बंद करून इथे राहायला आले होते. वय एकोणनव्वद. माणसं त्यांच्या डोक्यातून एकेक करून निघून गेली होती. सगळ्यांत शेवटी मुलगी गेली. ती चहा घेऊन आली की ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि म्हणायचे, "मालकीणबाई, फार उपकार झाले." दिवसभरात तेवढं एकच वाक्य. फुसाएही तितकंच वाकून "असू द्या" म्हणायची आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवायची.

शिगेनोरींना यावर काय करावं कळेना, म्हणून ते टाकीकडे बघत बसायचे.

दुकानातून आणलेल्या सहा कुंड्या पुरल्या नाहीत. मग जूनमध्ये ते कालव्याकडेला गेले आणि हुबेहूब तसलंच गवत पिशवी भरून घेऊन आले. भिंग लावून तपासलं. हिरवं होतं, बारीक होतं, पाण्यात उभं होतं. आणखी काय हवं? चिमट्याने एकेक काडी रेतीत खोचायला अकरा दिवस लागले. एखादी वाढून वर आली, की ते कात्रीने छाटायचे. न्हाव्याने सगळ्या वर्गाचे केस सारखे कापावेत, तसं झालं. ऑक्टोबरपर्यंत टाकीचा तळ हिरवागार दिसू लागला.

फुसाए एकदा काचेला नाक लावून म्हणाली, "अहो, यात तीन-चार जाती आहेत."

"एकच आहे. मी पुस्तकात बघितलंय."

शहरातल्या हौशी मंडळींचं शरदातलं प्रदर्शन होतं. सोमवारपर्यंत फोटो पाठवायचा होता. अर्जात 'वनस्पती' या रकान्यात शिगेनोरींनी कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मात्सुबाई. फक्त एकच जात.' खाली शिक्कासुद्धा मारला.

रविवारी सकाळी फोटोसाठी टाकीमागे लावायला काळा कागद आणावा, म्हणून ते बाहेर पडले. फुसाए मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. पाऊण तासाने ते परतले आणि दारातच थबकले.

एइसाकु टाकीपुढे उकिडवे बसले होते. बाही खांद्यापर्यंत वर, हात खांद्यापर्यंत पाण्यात. चटया भिजून काळ्या पडल्या होत्या. टाकीचा तळ उघडाबोडका. शेजारी वर्तमानपत्रावर गवताचे तीन ढीग, मुळं धुऊन, सगळी टोकं एका बाजूला केलेली.

शिगेनोरींच्या हातातली कागदाची गुंडाळी खाली पडली. पाच महिने! त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून फुसाएने त्यांची बाही घट्ट धरली.

"थांबा," ती कुजबुजली. "ऐका ना. बाबा बोलतायत."

म्हातारा खरंच बोलत होता. एकेक काडी उजेडात धरून.

"हे मात्सुबाई. केसासारखं. एक ओढलं की मातीतल्या दोऱ्याला लागून दहा येतात. ही उरिकावा. पट्टीसारखी चपटी. खाली गड्डा राहिला, की पुढच्या वर्षी पुन्हा हजर. आणि हे होतारुइ. गोल काडी, झुपका करून बसतं, दोरा नाही सोडत." मग वळून त्यांनी शिगेनोरींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अरे, उभा काय राहिलास? नवीन आहेस का? उचल हे, बांधावर टाक."

शिगेनोरींचं तोंड उघडंच होतं. ते त्यांनी मिटलं. "हो," म्हणाले आणि ढीग उचलले.

टाकीच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका मात्र शिल्लक होता. दुकानातल्या कुंडीतली, आखूड पात्याची कसलीशी विलायती जात.

"बाबा, ते राहिलं," फुसाए हळूच म्हणाली.

एइसाकुंनी वाकून पाहिलं. "हा आपल्याकडचा नाही. पाहुणा दिसतोय. राहू दे."

अर्ज गेला नाही. फुसाएने चटया उन्हात घातल्या. शिगेनोरींनी ते ढीग बादलीत भिजत ठेवले, आणि सोमवारी सकाळी चिमटा घेऊन पुन्हा लावायला बसले. तिन्ही जाती, मिसळून.

"हे काय चाललंय?" फुसाएने विचारलं.

"रविवारी निंदायला काहीतरी नको का?"

ती त्यांच्याजवळ बसली आणि दुसऱ्या चिमट्याने लावायला लागली. तिचा हात त्यांच्यापेक्षा दुपटीने चालत होता.

तेव्हापासून सोमवार ते शनिवार शिगेनोरी लावायचे आणि रविवारी म्हातारा उपटायचा. गवत काही तग धरेना. दर पंधरवड्याला कालव्यावरून नवं आणावं लागे. बर्फ पडल्यावरही शिगेनोरी गमबूट घालून गेले. तिथे चिखलात दोन्ही पाय रुतले आणि बूट मागे ठेवून घरी यावं लागलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी एइसाकुंचा हात पाण्यात असताना फुसाएने चहा आणला. त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"फुसाए," ते म्हणाले. "हात किती फुटलेत तुझे. तेल लाव."

तिने कप खाली ठेवला आणि वडिलांचा ओला हात दोन्ही हातांत धरला. शिगेनोरींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणि हा कोण?" एइसाकुंनी विचारलं. "रोज इथे बसलेला असतो."

"बाबा, माझा नवरा हा. सदतीस वर्षं झाली लग्नाला."

म्हाताऱ्याने जावयाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग पाण्यातून एक काडी उपटली, झटकली आणि त्यांच्या नाकापुढे धरली.

"सांग बघू. हे काय?"

शिगेनोरींनी चष्मा पुसला. काडी उजेडात धरली, बोटांत फिरवून पाहिली. पाच महिने अधिक चार महिने. आता चुकणं शक्यच नव्हतं.

"मात्सुबाई," ते ठामपणे म्हणाले.

"होतारुइ!" बाप आणि लेक एकदमच ओरडले.