झुंबराबाईनं नवा नोकर कळवला

एका जंगलात, मुलांनो, झुंबराबाई नावाची अस्वलीण मधाचा धंदा करायची. मध अस्सल, माप चोख. अडचण एकच होती. शेंड्याकडच्या बारीक फांद्या तिचं वजन पेलत नसत आणि मोठी पोळी नेमकी तिथंच लागत.

म्हणून तिनं उडाणराव नावाचा वानर कामाला ठेवला.

त्या जंगलात सिंहमहाराजांचा एक कायदा होता. नवा नोकर ठेवला की मालकानं दरबारात कळवायचं. कायदा चांगलाच होता बरं का! काही बाप पिल्लं टाकून पळून जात आणि दुसरीकडे गुपचूप कामाला लागत. त्यांचा पत्ता लागावा, कमाईतला वाटा पिल्लांना मिळावा, एवढाच त्यातला हेतू.

"बाई, माझं नाव तेवढं कळवू नका," उडाणराव डोकं खाजवत म्हणाला.

"का रे?"

"उगाच दरबाराला कशाला त्रास?"

झुंबराबाईला लगेच उमगलं. म्हणजे याचं पिल्लू कुठंतरी उपाशी असणार! हंगाम ऐन भरात होता. असा चढणारा गडी पुन्हा मिळणार नव्हता. तरी ती उठली आणि दरबारात कळवून आली.

दरबारात खळबळ उडाली. कायदा झाल्यापासून कुणी कळवायला आलं होतं ते पहिल्यांदाच.

"खरंच नोकर ठेवलात?" कोल्हा कारकुनानं संशयानं विचारलं. "की आणखी काही लपवताय?"

लगेच तपासणी सुरू झाली. कोल्हा आला, मागून लांडगा आला, त्याच्यामागून रानमांजर. नोकर असलेलं ठिकाण दरबाराला हे एकच ठाऊक. बिचारे दुसरीकडे जाणार तरी कुठं? आणि मध चाखल्याशिवाय तपासणी पुरी होत नसे.

ही गर्दी पाहून उडाणरावानं ओढ्यापलीकडे उडी मारली, ती थेट तरसाच्या दारात. तरसाकडे वानरांचा तांडाच्या तांडा राबत होता, पण नोकर एकही नव्हता.

"सगळे पाहुणे आहेत," तरस सांगायचा. दरबारानं त्याचा आदर्श यजमान म्हणून सत्कार केला होता.

पुढं एक वानरी पोटाशी पिल्लू घेऊन झुंबराबाईकडे आली. सोनकी तिचं नाव.

"दरबारात म्हणाले, माझा नवरा इथं आहे."

झुंबराबाईनं खरं ते सांगितलं. पिल्लू मधाच्या मडक्याकडे टक लावून बघत होतं. झुंबराबाईनं मधात बोट बुडवून त्याच्या तोंडाशी धरलं.

"चढता येतं ना तुला? मग राहा इथंच."

आणि काय सांगू मुलांनो, ती वेडी पुन्हा दरबारात गेली! उडाणराव पळाला आणि सोनकीला ठेवलं, दोन्ही कळवायला.

"नोकर आला की कळवायचं. गेला की कळवायचा कायदा नाही," कोल्हा म्हणाला. "आणि ही त्याची बायको? म्हणजे नवराबायको दोघंही तुमच्याकडेच!"

"अहो, तो पळालाय! ओढ्यापलीकडे तरसाकडे आहे!"

"तरसाकडे नोकरच नाहीत, बाई." कोल्ह्यानं डोळे टिपले. "मोडलेला संसार जुळला. आता पिल्लाला वेगळा वाटा कशाला?"

संध्याकाळी जंगलभर दवंडी फिरली. कायद्याला पहिलं यश आलं होतं. शेंड्यावर पोळं काढता काढता सोनकीनं ती ऐकली. ओढ्यापलीकडे पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात उडाणरावानं.

तात्पर्य: सरकारला खरी माहिती वेळेवर द्यावी. पळालेला सापडेलच असं नाही, पण माहिती देणारा हमखास सापडतो.