पर्यायी डोक्याचं उद्घाटन

एका जंगलात, मुलांनो, एकच डोकं होतं. म्हणजे प्राणी पुष्कळ होते, आणि प्रत्येकाच्या मानेवर काही ना काही होतं. पण लक्षात ठेवण्याच्या कामाचं डोकं एकच. ते गजराबाई हत्तिणीचं.

कुठलं बीळ कुणाचं, पाणवठ्यावर आज पाळी कुणाची, कुणाचं लग्न कुणाशी ठरून मोडलं, सगळं गजराबाईंच्या डोक्यात. तुम्ही दाखला काढायला कचेरीत जाता तेव्हा खिडकीतले काका एका कॉम्प्युटरकडे बघून तुम्ही कोण ते तुम्हालाच सांगतात ना? गजराबाई म्हणजे तो कॉम्प्युटर समजा. फक्त त्यांचे कान मोठे होते आणि त्यांना जेवायला जास्त लागे.

त्या डोक्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभययादी. त्या जंगलाचा राजा वाघ. वाघमहाराज दर वर्षी काही प्राण्यांना अभय देत. अभय मिळालं की वर्षभर महाराज त्या प्राण्याला खाणार नाहीत. पण भूक लागली की महाराजांना काही आठवत नसे. म्हणून नियम असा की, खाण्याआधी गजराबाईंना विचारायचं. त्या "अभय आहे" म्हणाल्या की महाराज पंजा मागे घेत, "बाकी घरी सगळे ठीक?" असं विचारत आणि पुढे जात.

एकदा गजराबाईंना शिंक आली. हत्तिणीची शिंक ती. अर्धा तास त्यांना काहीच आठवेना. तेवढ्यात महाराजांनी अभय असलेला एक रानकोंबडा खाऊन टाकला. नंतर कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. मिशीत अडकलेलं पीस तसंच ठेवून त्यांनी दुखवटा पाळला.

जंगल हादरलं. पुन्हा असं झालं तर? महाराजांनी ताबडतोब एक पद निर्माण केलं. सातत्य अधिकारी. त्यावर नेमणूक झाली कोल्ह्याची. नेमणूक होताच सगळे त्याला कोल्हेसाहेब म्हणू लागले. तुमच्या शाळेत कुणी कोल्हेसर असतील तर ते वेगळे. त्यांना हे वाचून दाखवू नका.

कोल्हेसाहेब आधी अभ्यासदौऱ्यावर गेले. तीन जंगलं पाहिली. त्यांतल्या एका जंगलाला समुद्रकिनारा होता. परत येऊन त्यांनी पळसाच्या तीनशे चाळीस पानांवर एक आराखडा लिहिला. 'वनव्यवहार सातत्य व आपत्तीपश्चात पूर्वपदप्राप्ती आराखडा.' तो कुणी वाचला नाही. एका सांबराने चाळला. त्याला आवडला. नंतर मोजली तर सहा पानं कमी भरली.

आराखडा वाईट नव्हता हो. खोटं कशाला बोलू? टेकडीवरच्या गुहेत चाळीस पोपट ठेवायचे. त्यांनी रोज संध्याकाळी गजराबाईंच्या पाठीवर बसून सगळं पाठ करायचं. नवं ऐकलं की जुनं पुसायचं, कारण पोपटाचं डोकं ते केवढं! गजराबाईंना काही झालंच तर पोपटांना विचारायचं. या व्यवस्थेला नाव दिलं 'पर्यायी डोकं'.

मग रंगीत तालीम झाली. आदल्या दिवशी सूचना लागली. 'उद्या सकाळी ठीक दहा वाजता जंगलावर अचानक आपत्ती कोसळेल. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहून घाबरावे. अल्पोपहाराची सोय केली आहे.' सगळे आले, शिस्तीत घाबरले. एका सशाला उत्कृष्ट घाबरल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. अल्पोपहार थोडा कमी पडला. बाकी तक्रार नव्हती.

आता एकच गोष्ट राहिली होती. उद्घाटन.

गुहेच्या तोंडाला लाल फुलांची वेल आडवी बांधून ठेवली होती. ती महाराजांच्या हस्ते तोडायची. पण महाराजांची तारीख मिळेना. कधी पितृपक्ष आडवा आला, कधी मेव्हण्याचं लग्न निघालं. अकरा महिने झाले. पोपट रोज संध्याकाळी येऊन पाठ करत, गुहेत जात आणि चोच मिटून बसत. उद्घाटन होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, असा लेखी आदेश होता.

"आधीच वापरलं, तर मग उद्घाटन कशाचं करायचं?" कोल्हेसाहेब विचारत.

याचं उत्तर तुमच्याकडे आहे? नाही ना? मग गप्प बसा.

एके दिवशी सकाळी गजराबाई पाणवठ्यावरच्या शेवाळावरून घसरल्या. कपाळ खडकावर आपटलं. खडकाला तडा गेला. गजराबाई उठल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या.

"मी कोण?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे कोण?" मग त्यांना महाराज दिसले. "आणि हा पट्ट्यापट्ट्यांचा कुणाचा गं?"

सगळे महाराजांकडे पाठ करून शेवाळ बघू लागले.

तालमीतली आपत्ती दहा वाजता आली होती. ही आली अकराला. त्यामुळे हिला आपत्ती धरावी का, यावर बरीच चर्चा झाली.

पाणवठ्याच्या पलीकडच्या काठावर सौ. भेकर पाणी पीत होत्या. भेकर म्हणजे अंगाने लहानसं हरीण. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि महाराजांना भूक लागली.

"काय हो, तुम्हाला अभय आहे का?"

"आहे महाराज. अजून दोन महिने आहे."

"असं सगळेच म्हणतात."

महाराजांनी सवयीने गजराबाईंकडे पाहिलं. त्या स्वतःच्याच सोंडेला नमस्कार करत होत्या.

"खोटं नाही बोलत महाराज," सौ. भेकर म्हणाल्या. "घरी दोन पिल्लं आहेत. माझी वाट बघतायत."

इथे हसायचं नाही, मुलांनो. त्या बाईला खरोखर मरणाची भीती वाटत होती, आणि तिचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"मी कायद्याने चालणारा वाघ आहे," महाराज म्हणाले. "पर्यायी डोक्याला विचारू. पण पाय उचला. माझं पोट काही कायदा शिकलेलं नाही."

सगळं जंगल टेकडीवर गेलं. गुहेत चाळीस पोपट ओळीत बसले होते. काही विचारायच्या आतच थोरल्या पोपटाने चोचीने वेलीकडे बोट दाखवलं.

"एक पंजा मारा ना महाराज," सौ. भेकर काकुळतीला येऊन म्हणाल्या. "तुटेल लगेच."

"अहो बाई, असं कसं?" कोल्हेसाहेब मधे पडले. "प्रास्ताविक नाही, सत्कार नाही, तशीच तोडायची? महाराजांचा मान काय राहिला?"

"मला मानाचं काही नाही," महाराज म्हणाले. "पण सत्कार ठरलाच असेल, तर मी तुमचं मन मोडणार नाही."

झालं. कार्यक्रम सुरू झाला. बेडकांनी स्वागतगीत म्हटलं, नऊच्या नऊ कडव्यांचं. कोल्हेसाहेबांचं प्रास्ताविक सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघालं. मग महाराजांना शाल पांघरली, भर उन्हात. नारळ मिळाला नाही म्हणून कवठ दिलं. गळ्यात रानफुलांचा हार घातला.

"आवरा हो, आवरा लवकर," सौ. भेकर पहिली दोन कडवी होईपर्यंत म्हणत होत्या. मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. व्यासपीठावर बसल्यापासून महाराजांनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. हार घातलेला वाघ कुणाला खात नाही. एक तर बरं दिसत नाही, आणि खाताना हार तोंडात येतो.

तिथून सौ. भेकर यांचा सूर बदलला.

"साहेब," त्यांनी पुढचा पाय वर केला, "कासवकाकांचं मनोगत राहिलं."

कासवकाका सर्वांत मागे बसले होते. ते व्यासपीठाकडे निघाले. पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांचं मनोगत चांगलं झालं, निदान असं पुढे बसलेले सांगतात. शेवटी महाराज बोलायला उठले. "मी तुमचा फार वेळ घेणार नाही," ते म्हणाले. यापुढे काय होतं ते तुम्हाला शाळेच्या स्नेहसंमेलनामुळे ठाऊक आहे.

आणि वेल तुटली. टाळ्या झाल्या. कोल्हेसाहेबांनी घसा साफ केला.

"हे पर्यायी डोक्या, सौ. भेकर यांना अभय आहे काय?"

चाळीस पोपटांनी छाती भरून श्वास घेतला आणि एका सुरात सांगितलं, "मी कोण? तुम्ही सगळे कोण? आणि हा पट्ट्यापट्ट्यांचा कुणाचा गं?"

त्यांचा काही दोष नव्हता. 'आपत्ती येताच ताजी प्रत घ्यावी' असं आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाली चर्चा चालू असताना ते येऊन गजराबाईंच्या पाठीवर बसले, त्या पुन्हा पुन्हा जे म्हणत होत्या ते पाठ केलं आणि नियमाप्रमाणे जुनं पुसून टाकलं. सगळ्या जंगलात आपलं काम चोख करणारे तेवढेच होते.

महाराजांनी सावकाश हार काढला.

"म्हणजे नोंद नाही," ते म्हणाले आणि त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "कोल्हे, आता आराखड्यात पुढे काय आहे?"

कोल्हेसाहेबांनी पान उलटलं. पुढची पानं सांबराने खाल्लेली होती.

महाराज उठले. सगळे दोन पावलं मागे सरकले. सौ. भेकर मात्र पुढे आल्या. त्यांनी पुन्हा पुढचा पाय वर केला.

"महाराज, आभार राहिले."

"काय?"

"आभारप्रदर्शन. ते झाल्याशिवाय उठायचं?"

महाराज थबकले. चांगल्या घरातला वाघ होता तो. आभारांच्या आधी उठून जाणाऱ्यांना तो आयुष्यभर नावं ठेवत आला होता. तो मुकाट्याने खाली बसला आणि त्याने हार पुन्हा घातला.

सौ. भेकर यांनी आधी पोपटांचे आभार मानले. चाळीसही जणांचे, नावानिशी. मग बेडकांचे, कडव्यागणिक. मग त्या मुंग्यांकडे वळल्या. प्रत्येक मुंगीचं योगदान त्यांनी थोडक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची जाऊ धापा टाकत वर आली.

"अगं बाई, घसा बसला की तुझा!"

"पिल्लं?"

"जेवलीत. तू ये खाली."

"मी येते, तू उभी राहा. दुसऱ्या वारुळाच्या डाव्या अंगापर्यंत आलेय. एकही सुटता कामा नये."

"आणि महाराजांचं नाव कधी घ्यायचं?"

"अध्यक्षांचं नाव सगळ्यांत शेवटी असतं. तिथे पोचायची घाई नको."

जाऊबाई दमल्या तेव्हा नणंद उभी राहिली. नणंदेनंतर मावशी. चौथ्या दिवशी गजराबाईंना सगळं आठवलं. भेकरबाईंना अभय आहे, हेसुद्धा. पण कार्यक्रम चालू असताना मधे बोलणं बरं दिसत नाही, म्हणून त्या मागे जाऊन बसल्या.

याला आता सहा वर्षं झाली. महाराज अजून बसलेले आहेत. फार वाळले आहेत, हार सारखा घसरतो. आणि जंगलात कुणी कुणाला खात नसल्यामुळे रोज नवी पिल्लं जन्मतात, त्यांचेही आभार मानावे लागतात. यादी काही संपत नाही. अखंड सातत्याबद्दल कोल्हेसाहेबांना बढती मिळाली आहे.

तात्पर्य : आराखडा असावा, प्रत असावी, तालीमही असावी. यांतलं काहीही वेळेला उपयोगी पडत नाही, पण या सगळ्याचं उद्घाटन करता येतं. तेव्हा मुलांनो, यापुढे कार्यक्रम लांबला म्हणून चुळबुळ करू नका. पुढच्या रांगेत कुणीतरी केवळ त्यामुळेच जिवंत बसलेलं असतं.