तांड्याला रेंज पाहिजे

कळमनुरीपासून आठ किलोमीटर आत असलेल्या तांड्यात चंदाबाई बचत गटाच्या अध्यक्ष होत्या, आणि एका अर्जात मोबाईलचा टॉवर आणून दाखवते, असं त्यांनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं. साल दोन हजार आठ. साऱ्या दुनियेचे खिसे वाजत होते आणि तांड्यात फोन लावायला टेकडीखालच्या लिंबावर चढावं लागे. गटाला मिळालेला कॉम्प्युटर टॉवेल पांघरून नुसता बसून होता. चंदाबाईंच्या लेकीला, दिपाला, नर्सिंगचा अर्ज इंटरनेटवर भरायचा होता. कळमनुरीला दोन हेलपाटे झाले. एकदा लाईट नव्हती, एकदा मशीन बंद, आणि तारीख निघून गेली. पोरीचं वर्ष वाया गेलं. हे चंदाबाईंच्या फार जिव्हारी लागलं होतं. टॉवरवाली कंपनी म्हणे, जागा टेकडीचीच लागेल आणि टेकडी सरकारी, आम्ही काय करणार?

मग चंदाबाईंनी सांगितलं आणि दिपानं लिहिलं: 'आमच्या तांड्याला रेंज द्यावी. रेंज नसल्याने माणसे झाडावर चढतात व फांद्या मोडतात.' तहसीलच्या हुशार कारकुनानं रेंज वाचली, झाड वाचलं, फांद्या वाचल्या आणि अर्ज थेट वनखात्याकडे धाडला.

वनखात्यात रेंज म्हणजे जंगलाचा हिस्सा आणि तिथला साहेब म्हणजे रेंजर. तांड्यातून आजवर तिथे फक्त तक्रारी आल्या होत्या. तांडा आपणहून रेंज मागतोय हे वाचून रेंजर माणिकरावांना भरून आलं. आठव्या दिवशी जीप दारात!

हार झाले, चहा झाला. टॉवर कुठे उभारणार, असं चंदाबाईंनी विचारलं. टेकडीवर, म्हणाले माणिकराव. त्यांच्या डोक्यात जंगलावर नजर ठेवायचा मनोरा होता. चंदाबाईंनी मान वळवून साऱ्या गटाकडे एकदा बघून घेतलं.

"फक्त एक," माणिकराव म्हणाले, "रेंज झाली की टेकडीवर बकऱ्या बंद."

"काहून? बकऱ्या काय फोन करून राहिल्या?"

उलगडा व्हायला चहाची दुसरी फेरी लागली. साहेबांचा चेहरा पडला. त्यात चारच्या आत वरिष्ठांना पाहणीचा अहवाल फोनवर द्यायचा होता. तांड्यानं अदबीनं लिंबाकडे बोट दाखवलं. वर्दीतले साहेब चढले, आणि वरून आवाज आला, "हो साहेब, झाडावर आहे. नाही साहेब, बिबट्या नाही. फोनसाठी."

उतरले तेव्हा पँट गुडघ्याला फाटली होती. चंदाबाई म्हणाल्या, "साहेब, माझी लेक तिथं बसून फारम कसा भरंल?"

माणिकराव टेकडीकडे बघत म्हणाले, "ही टेकडी आमच्याच खात्याची आहे, बाई. कंपनीनं आम्हाला कधी विचारलंच नाही." आणि जीपच्या बॉनेटवरच त्यांनी शिफारस लिहायला घेतली.

कागद पुढे आठ महिने फिरला आणि चंदाबाई त्याच्या मागे फिरल्या. पुढल्या उन्हाळ्यात टेकडीवर टॉवर उभा राहिला. गटाच्या कॉम्प्युटरवर दिपाचा अर्ज गेला, तेव्हा चंदाबाई सगळ्यांसमोर रडल्या आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

आठवड्यात शेजारच्या तांड्याचे प्रेमसिंग आले. आमच्याकडे पण टॉवर पाहिजे, तेवढा एक अर्ज लिहून द्या, म्हणाले. चंदाबाईंनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला.

"लिवते की. पर पयले सांगा, चुकून कोणत्या हापिसात धाडायचा?"