दोन प्रोसेसर आणि एक कूलर

रामटेकेकाकांना बटण दाबायला माणूस लागतो. तोही बरोबर 'दाब' म्हटल्यावर दाबणारा. आधी नाही, नंतर नाही. दर रविवारी सकाळी मानेवाड्यातल्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीवरून हाक येते, "चाल वं पोरी, बटन दाबाले!" मी पंचेचाळिशीची, दोन वाढत्या मुलांची आई, समोर गॅसवर पोह्यांची कढई. पण काकांच्या लेखी मी पोरगीच. गॅस बंद करायचा आणि निघायचं. नाही गेलं तर ते भिंतीपाशी तसेच उभे राहतात, आणि ते मला बघवत नाही.

काकांच्या हॉलमध्ये, जिथे इतरांकडे सोफा असतो, तिथे टेबलावर दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी मांडलेत. दोन्ही त्यांच्या मुलाचे, सुबोधचे. तो बंगलोरला गेला तेव्हा एक इथेच राहिला. पुढे ऑफिसने लॅपटॉप दिला तसा त्याने तिथला दुसराही पाठवून दिला आणि फोनवर म्हणाला, "बाबा, ज्याचा प्रोसेसर फास्ट असेल तो ठेवा. दुसरा देऊन टाकू कोणाला तरी." झालं! तेव्हापासून तुलना सुरू आहे.

तुलना हा काकांचा जुना आजार. नोकरी वीज खात्यात, मीटर तपासायची. तक्रार आली की संशयाच्या मीटरशेजारी खात्रीचं मीटर लावायचं, दोन्हींतून एकच वीज सोडायची आणि बसून बघायचं. निवृत्त झाले तरी ते बघणं काही सुटलं नाही. तर्री पोहे खायचे तर दोन ठेल्यांवरचे आणून एका ताटात. संत्री आणली तर काटोलची एका पिशवीत, नरखेडची दुसऱ्या. "एकट्या आकड्याले काही मतलब नाही वं," असं म्हणत एक फोड मला इकडून, एक तिकडून.

प्रोसेसर म्हणजे काय हे त्यांनी मला लग्नाच्या स्वयंपाकावरून समजावलं. "हे पाय. या डब्यात आचारी कमी, पन हात चपळ. त्या डब्यात आचारी जास्त, पन जरा सुस्त. दोघाचौघांचा चहा असन तर हा जिंकन. पंगत असन तर तो."

"मग लागला की निकाल," मी म्हटलं. तर मीच कुणाच्या मीटरमध्ये तार घातल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पंगत म्हणजे सुबोधच्या लग्नाचा लांबलचक व्हिडिओ. तो दोन्ही कॉम्प्युटरांना छोटा करायला द्यायचा. एकावर काका, एकावर मी. "एक, दोन, दाब!" मग दोघांनी खुर्च्यांवर बसून दोन हिरव्या पट्ट्या सरकताना बघायच्या. जिंकणारा दर रविवारी निराळा. थोड्या वेळाने सुबोधचा फोन येतो. "आज हा जिंकला." "अच्छा? कितीने?" अर्धा फोन यातच. बाकी 'जेवला का' आणि 'जेवलो'.

मे महिन्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकीतल्या कूलरचा वारा त्या दिवशी एकाच डब्याला लागत होता, आणि जिंकतही तोच होता. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस बसल्या जागी पेंगतो, तर तापलेल्या यंत्राने का धावावं?

"काका, ही तर चीटिंग आहे. आणि मागच्या रविवारी कूलरपाशी दुसरा होता ना?"

काका फडक्याने कीबोर्ड पुसत राहिले. बराच वेळ. कीबोर्ड स्वच्छच होता.

"मीच सरकवतो," ते म्हणाले.

"पण का?"

"निकाल लागला का पोरगा कायच्यासाठी फोन करन वं? तुही काकू होती तवा मायलेकच बोलत. मी बाजूले बसून आयकत राहो. मले त्याच्यासंगं दुसरं काही बोलताच येत नाही."

मला फार वाईट वाटलं. सुबोधचा रागही आला. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. त्याचा एक मित्र कारने नागपूरला येणार होता, त्याला एक कॉम्प्युटर हवा होता. "बाबा, आज फायनल सांगा. कोणता देऊ?"

काकांचा चेहराच उतरला. "पंच ही हाये, हिले विचार," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि चहा करायला आत निघून गेले.

मी उसनं अवसान आणलं. "हे बघ सुबोध, उन्हाळ्यातला निकाल काही धरता येत नाही. पावसाळ्यात पुन्हा करून बघावं लागेल."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"ताई, बाबा जवळ आहेत?"

"आत आहेत."

"या दोन प्रोसेसरची तुलना नेटवर सहज सापडते. मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. मला वाटलं, बाबा आता कंटाळले असतील, म्हणून आज विचारलं. पण हे संपलं तर मी त्यांच्याशी काय बोलू, ताई? मी आईशीच बोलायचो. मित्राचं मी बघतो. पावसाळ्यात करा म्हणावं."

काका दोन कप घेऊन आले. चहा बशांमध्ये सांडला होता.

"काय म्हणे?"

खरं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग पुढच्या रविवारी हे दोघे काय बोलतील, ते मला सुचेना.

"पावसाळ्यात पुन्हा करा म्हणे."

काकांनी कप ठेवले. "म्हने का तो असं?" त्यांनी दोन्ही डब्यांवरून हात फिरवला. "पावसाळ्यात हवा दमट राहते. कूलर बंद ठेवा लागन. सारं नव्यानं मांडा लागन. सांगूनच टाकतो त्याले."

त्यांनी फोन उचलला, सुबोधचं नाव शोधलं, आणि त्यावर बोट धरून थांबले. मी वाट बघत होते. मग त्यांनी फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला.

"आता बायकोसंगं बाहेर निघाला असन," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी सांगन."