सिंकखालचा कोरडा कागद

सिंकखालचा पाईप मी स्वतः बदलला, एवढाच माझा गुन्हा. (गुन्हा बायकोच्या मते. मी तो आजही कबूल केलेला नाही.) प्लंबर कशाला हवा? हात माझे, टूलबॉक्स माझा!

पंधरा दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, सिंकखाली कुबट वास येतोय. कपाटाचा प्लायही फुगलाय. पाईप गळतोय."

"मी बसवलेला पाईप? गळला तर हा टूलबॉक्स जन्मात हातात धरणार नाही!"

"साक्षीला मी आहे, जावईबापू," वर्तमानपत्रातल्या सुडोकूतून मान वर न करता सासूबाई म्हणाल्या. त्या आठवडाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. गळती पकडायची युक्तीही त्यांचीच. पाईप फडक्याने कोरडा पुसायचा, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, सिंक तुडुंब भरून एकदम सोडायचं. सकाळी कागद ओला, तर गळती. "कपाट सडेपर्यंत वाट कशाला बघायची?" असं म्हणून त्यांनी हातातलं कोड्याचं पानच अंथरलं.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) कपाट उघडलं. कागदावर वाटीएवढा ओला डाग! आता टूलबॉक्स गेला तर या घरात माझं म्हणून उरतं काय? रिमोट मुलीकडे, चाव्या बायकोकडे.

पण न लढता हार मानेल तो मी कसला? तडक शेजारच्या मास्तरांकडे गेलो, त्यांच्या रद्दीतून त्याच तारखेचं तेच पान आणलं. मग स्वयंपाकघरात फतकल मारून, सासूबाईंच्याच हिरव्या पेनाने, त्यांच्या चारच्या वाकड्या वळणासकट सगळे आकडे उतरवले. पाईप पुसला, नवं पान अंथरलं, ओलं पान शर्टाच्या आत कोंबलं. (पोट गारठलं. पण इज्जतीपुढे पोट काय!)

चहाच्या वेळी मी कपाट सताड उघडलं. "बघा! कोरडं ठणठणीत!"

बायको खाली वाकली. तिचा चेहरा पडला. इतका गोड चहा मी कधी प्यायलो नव्हतो.

सासूबाईंनी चष्मा लावला. "जावईबापू, तिसऱ्या ओळीत मी दोनदा सात लिहिला होता. तिथेच तर माझं कोडं अडलं. यातला एक सात कुठे गेला?"

आता काय सांगू! बावीस वर्षं कचेरीत लोकांच्या फॉर्ममधल्या चुका काढतोय. चूक दिसली की हात आपोआप चालतो.

"अहो, पण तिथे सातच्या जागी दोन हवा होता!" मी ओरडलो. "चुकीला चूक म्हणायचं नाही का?"

बायकोने माझ्या शर्टाकडे नुसतं बोट दाखवलं. वाटीएवढा डाग आता तिथे उमटला होता.

"बोलावते प्लंबरला," ती म्हणाली.

"त्याला कशाला त्रास?" म्हणत सासूबाई बाह्या सरसावून कपाटात शिरल्या. "पाना द्या. वॉशर उलटा बसवलाय."

"उलटा नाही! ती माझी पद्धत आहे!"

दोन मिनिटांत काम झालं. सिंक तीनदा भरून सोडलं, कागदावर थेंब नाही. बोलल्याप्रमाणे टूलबॉक्स सासूबाईंकडे गेला, आणि त्यांचा आठवडाभराचा मुक्काम आता तिसऱ्या महिन्यात आहे. कुणाचाही नळ बिघडला की अख्खी बिल्डिंग आमचीच बेल वाजवते. "आजींना पाठवा." मला कोणी विचारतसुद्धा नाही.

पण मी खचलेलो नाही! शब्द पाळलाय, पान्याला बोटही लावलेलं नाही. उलट प्रत्येक कामावर छाती काढून सोबत जातो. सिंकखाली अंधार असतो, टॉर्च धरायला भरवशाचा माणूस लागतोच ना!

काल सासूबाईंनी कपाळाला बांधायची बॅटरी आणली.