दत्तू मिस्त्रीचा कान

दत्तू मिस्त्रीला गेली दोन वर्षं ऐकू येत नव्हतं, आणि नाशिकच्या अख्ख्या अंबड एमआयडीसीत ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, छायाला, माहीत होती. एरवी त्याचं सगळं गॅरेज कानावरच चाललेलं. गाडी नुसती गल्लीत वळली तरी दत्तू पार्ट सांगतो, अशी ख्याती. समोरच नवनाथने कॉम्प्युटर लावून चकाचक गॅरेज थाटलं होतं. कानाची बातमी फुटली की दत्तूचं शटर खाली येणार, हे नक्की. म्हणून तो लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा आणि उरलेलं अंदाजाने ठोकून द्यायचा.

अशात डॉक्टर शामसुंदर आपली फोर बाय फोर घेऊन आले. गाडीच्या पुढच्या बाजूने आवाज येत होता. सोबत पत्नी लतिकाताई. नाशिकमध्ये डॉक्टरांना काय तोटा? पण नेमके हे निघाले कानाचे डॉक्टर.

चक्कर मारताना खड्ड्यांनी गाडी अशी हादरत होती की त्यात हाताला काही कळायला मार्ग नव्हता. दत्तू डॉक्टरांच्या तोंडावर नजर ठेवून बसला.

“आला! ऐकलात?”

“ऐकला की.”

“कुठून येतोय?”

“येतोय तिथूनच येतोय,” दत्तू गंभीरपणे म्हणाला.

गॅरेजवर परतल्यावर त्याने ठेवणीतला डाव टाकला. “डॉक्टर, तुमी पेशंटला इचारता ना, काय होतंय म्हनून? तसंच सांगा. आवाज काढून दाखवा.”

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला. “टिक्. टिक्.”

“काहीतरीच तुमचं!” लतिकाताई उसळल्या. “चांगला धडाक् येतो. धडाक्!”

“लतिका, कान हा माझा विषय आहे.”

“असेल. आवाज धडाक् आहे.”

पहिली पाळी सुटलेले कामगार मोटरसायकली थांबवून बघू लागले. भर रस्त्यात नवरा टिक् करतोय, बायको धडाक् करतेय, आणि मिस्त्री दोघांच्या तोंडाकडे टक लावून उभा. डॉक्टरांचं तोंड जेमतेम उघडत होतं, ताईंचं पडजीभ दिसेपर्यंत. तरी शिकलेल्या माणसाचं ऐकावं म्हणून दत्तूने एक रबरी बुश बदलला. दुसरी चक्कर मारून आले, तर ताईंचं तोंड पुन्हा तेवढंच उघडलेलं.

मग मात्र दत्तूने डोकं चालवलं. तो गाडीखाली सरकला, ताईंना स्टेअरिंग डावं-उजवं करायला लावलं आणि एकेका जोडाला तळहात लावत गेला. खालच्या बॉल जॉइंटवर हात ठेवला आणि दणका थेट कोपरापर्यंत आला.

तासाभरात नवा जॉइंट बसला, आवाज गेला. आनंदाच्या भरात दत्तू बोलून गेला, “डॉक्टर, टिक् नव्हताच. धडाक् होता.”

“बघा!” ताईंनी टाळी वाजवली. कामगार खो खो हसत आपापल्या वाटेला लागले.

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग काय सुचलं कोण जाणे, ते दत्तूच्या पाठीमागे जाऊन म्हणाले, “मिस्त्री, गॅरेजला आग लागलीये.”

ताई दचकल्या. दत्तू शांतपणे हात पुसत राहिला.

डॉक्टरांनी त्याला आत नेलं. “मिस्त्री, तुम्हाला ऐकू येत नाही.”

दत्तूने आधी नवनाथच्या गॅरेजकडे पाहिलं, मग हात जोडले. “कोनाला बोलू नका, डॉक्टर. धंदा बसंल माझा.”

“नाही बोलत. पण बाहेर जाऊन सांगा, आवाज दोन होते. टिक् पण होता.”

दत्तूने बाहेर येऊन जाहीर केलं, “ताई, आवाज दोन होते. टिक् लय बारीक. जानत्या कानालाच येतो तो.”

“असं? मग गेला का तो?”

दत्तूने बॉनेटला कान लावून डोळे मिटले. डॉक्टरांनीही शेजारी वाकून मान तिरकी केली.

“गेला,” दत्तू म्हणाला.

“अगदी गेला,” डॉक्टर म्हणाले.

गाडी बंद होती. ताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग दत्तूने डोळे उघडल्यावर त्याच्याकडे तोंड करून त्यांनी आवाज न काढता नुसते ओठ हलवले : सोमवारी दवाखान्यात या.

“येतो, ताई,” दत्तू म्हणाला.

“काय म्हणालीस तू?” डॉक्टरांनी विचारलं.

“अगंबाई! तुम्हाला ऐकू नाही आलं?”

घर येईपर्यंत डॉक्टर एका हाताने गाडी चालवत होते. दुसऱ्या हाताची करंगळी कानात होती.