जावईबापू गाडी काढतात

बायकोचा पाय जिन्यात मुरगळला नसता, तर बाइंडर जन्मात गाडी शिकला नसता. (मुरगळला असं ती म्हणत होती. एक्स-रे बघून डॉक्टर 'मोडला' म्हणाले.) घरात गाडी चालवणारी ती एकटी, आणि तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यावर आलेलं. त्या दिवशी जेवताना तिघंही गप्प होते. गप्प बसलेली माणसं बाइंडरला एरवी फार आवडतात, पण ही शांतता आपल्याकडेच बघतेय असं त्याला वाटलं आणि ती मोडावी म्हणून तो म्हणाला, "मी शिकतो गाडी."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "शीक."

माणूस अडकतो तो असा.

बाइंडर म्हणजे ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करणारा. शिवण उसवलेली, पाठ मोडलेली पुस्तकं त्याच्या टेबलावर येत आणि धडधाकट होऊन परत जात. त्या खोलीत खळ, दोरा आणि दाबयंत्राची करकर, एवढंच. आपण ऑटिस्टिक आहोत हे त्याला चाळिशीत कळलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा, इतकी वर्षं आपण राहतो कुठे तो पत्ता कुणीतरी हातात दिल्यासारखं त्याला वाटलं. बायको म्हणाली, "मला वाटलं, तुला माहीत आहे."

पण पत्ता माहीत असणं वेगळं आणि त्या पत्त्यावरून गाडी काढणं वेगळं. इतरांच्या डोक्याच्या दारात म्हणे एक रखवालदार असतो. कामाचं तेवढं आत सोडतो, बाकीच्यांना बाहेर थांबवतो. बाइंडरचा रखवालदार जन्मापासून रजेवर. त्यामुळे समोरचा ट्रक, दुकानाच्या पाटीवरची चुकलेली वेलांटी, इंडिकेटरची टिकटिक, मास्तरांच्या किल्ल्यांचा जुडगा आणि कडेला जांभई देणारं कुत्रं, सगळे एकदम, एकमेकांना ढकलत आत शिरायचे. त्यात कुणी मागून हॉर्न दिला की पोटात गोळा यायचा.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर मनाने चांगले होते. भाषा तेवढी अवघड होती.

"जरा अंदाज घ्या, साहेब."

"किती?"

"किती म्हणजे? अंदाजाने घ्यायचा."

किंवा मग, "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. तो थांबणार का घुसणार, कळतं आपोआप."

लग्नाच्या बायकोच्या डोळ्यांत बघून बाइंडरला कधी काही कळलं नव्हतं (ती हल्ली तोंडाने सांगायची, त्यामुळे संसार सुखाचा होता), आणि इथे काचेपलीकडून धावत येणाऱ्या टेम्पोवाल्याचं मन ओळखायचं होतं.

एके दिवशी चढावर मास्तर "सोडा, सोडा, सोडा" म्हणाले. क्लच, असं त्यांना म्हणायचं होतं. बाइंडरने स्टिअरिंग सोडलं. विजेचा खांब अगदी जवळ आला तेव्हा मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

बाइंडर घरी आला तो भर दुपारी जाड रजई डोक्यावरून ओढून पडला. बायको कुबडी टेकत आली आणि कॉटच्या कडेला बसली.

"सोडायचं का?"

"काय?" रजईतून आवाज आला.

"शिकणं."

"नाही. पण काय सोडायचं ते मास्तरांनी सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टरचा पाय आडवा टाकून मागच्या सीटवर बसली. "मास्तर," ती म्हणाली, "'घ्या घ्या' नाही म्हणायचं. 'दुसरा गिअर, डावीकडे' म्हणायचं. 'जरा' म्हणायचं नाही. आणि तो किल्ल्यांचा जुडगा खिशात." मग नवऱ्याला म्हणाली, "आणि तुला जे दिसतंय ते मोठ्याने बोल. बोललास की ते डोक्यातून बाहेर जाईल."

उपाय लागू पडला. बाइंडर बोलायला लागला. "सायकल. सायकल गेली. उजवा आरसा. बस थांबतेय. कुत्रं. कुत्रं बसलंय." मास्तरही मोजकं बोलायला शिकले, इतके की, घरीही सवय लागली आणि कटकटी कमी झाल्या असं त्यांनीच एकदा सांगितलं. परीक्षेच्या दिवशी अधिकाऱ्याला ही बडबड ऐकून कसंतरीच झालं असावं, पण चूक सापडेना. बाइंडर पास झाला.

सासूबाईंचं ऑपरेशन शेजाऱ्यांच्या गाडीने जाऊन-येऊन पार पडलं. पट्टी काढायच्या दिवशी नेमके शेजारी बाहेरगावी.

"टॅक्सी करू," बायको म्हणाली.

"जावई गाडी शिकलाय आणि मी टॅक्सीने जाऊ?" सासूबाई म्हणाल्या. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याने जेमतेम उजेड-अंधार कळायचा, म्हणूनही कदाचित त्यांना एवढं धैर्य आलं असेल. पण बाइंडरला गहिवरून आलं. आजवर त्याच्या भरवशावर कुणी पुस्तकांपलीकडे काही सोपवलं नव्हतं.

निघाले. "डावा आरसा. स्कूटर. स्कूटर गेली," बाइंडर म्हणाला.

"बरं," सासूबाई मागून म्हणाल्या.

चौकापर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडून उजवीकडे वळायचं, म्हणजे त्याचं सगळ्यात अवघड काम. तो थांबला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. तेवढ्यात चौकातल्या पोलिसाने सगळी वाहतूक अडवली आणि एका संथ रांगेला वाट करून दिली. रांगेत दोन गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा होती. पोलिसाने बाइंडरकडे बघून तिथे शिरायची खूण केली.

बाइंडर शिरला आणि त्याला स्वर्ग भेटला.

सगळ्या गाड्या एकाच वेगाने चालल्या होत्या, आणि तो वेग बरोब्बर त्याचाच होता. दोन गाड्यांमध्ये सारखं अंतर. दिवसाउजेडी सगळ्यांचे दिवे लावलेले. कुणी पुढे घुसत नव्हतं, कुणी हॉर्न देत नव्हतं. सिग्नललासुद्धा यांना कुणी अडवत नव्हतं. बाइंडरनेही दिवे लावले. त्याचे खांदे खाली आले.

"आई, लोक इतक्या शिस्तीने गाडी चालवतात, मला माहीतच नव्हतं."

"तुम्हीपण छान चालवताय, जावईबापू. पोटातलं पाणी हलत नाही."

दवाखान्याचं वळण आलं. बाइंडरने ते पाहिलं, "दवाखान्याचं वळण," असं मोठ्याने म्हटलं, आणि ते गेलं. रांग मोडायची कुठून? पुढच्या फाट्याला वळू, असं ठरवेपर्यंत रांग एका मोठ्या फाटकातून आत शिरली आणि थांबली. दोन गाड्यांमध्ये बाइंडरची गाडी आपोआप सरळ लागली.

लोक हलक्या आवाजात बोलत उतरत होते. एका बाईने दार उघडून सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना सावलीतल्या बाकावर नेऊन बसवलं.

"किती माणुसकी आहे इथे," सासूबाई शेजारच्या आजोबांना म्हणाल्या. "पण गर्दी फार वाटतेय. आपला नंबर कधी लागायचा?"

"तो ज्याचा त्याचा ठरलेला," आजोबा उसासा टाकून म्हणाले.

"आणि डॉक्टर?"

"त्यांनी शेवटपर्यंत प्रयत्न केले हो."

सासूबाईंनी जावयाचा दंड घट्ट पकडला. "जावईबापू, आपण आलोय कुठे?"

बाइंडरने तोवर पाटी वाचली होती. त्याने बायकोला फोन लावला.

"मी आईंना घेऊन स्मशानात आलोय."

पलीकडे काहीतरी पडलं. बहुतेक कुबडी.

"काय झालं आईला?"

"काही नाही. बाकावर बसल्यात."

"मग कोण गेलं?"

"ते अजून विचारलं नाही."

बायको म्हणाली, "नीट विचार. आणि खरं काय ते सांग. तुला दुसरं जमणार नाही."

गेलेल्या माणसाची बायको पुढे खुर्चीत बसली होती. कोरड्या डोळ्यांची, थकलेली म्हातारी. बाइंडर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "मी तुमच्या नात्यातला नाही. मला उजवीकडे वळता येत नव्हतं. तुमची रांग फार चांगली चालली होती, म्हणून मी तिच्यातून बाहेर पडलो नाही. चुकलं माझं."

भोवतालची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. म्हाताऱ्या बाईंच्या ओठांच्या कडा हलल्या.

"यांनाही वळता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "कुणी वाट दिली नाही की सरळ जायचे. एकदा भाचीच्या लग्नाला निघालो आणि कुठल्याशा धरणावर डबा खाऊन परत आलो. मी आठवडाभर बोलले नव्हते." आणि मग इतका वेळ न आलेलं रडू त्यांना आलं. बाइंडरला काय करावं कळेना. सासूबाई अंदाजाने चालत आल्या, खुर्ची चाचपडत त्यांच्याजवळ टेकल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन बसल्या. नवरा गेला तेव्हा त्याही अशाच खुर्चीत बसल्या होत्या.

सगळं उरकेपर्यंत दोघं थांबले. निघताना त्या बाईंचा मुलगा म्हणाला, "मी सोडू का तुम्हाला?" बाइंडरने फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"नको. वेळ लागेल, पण मी वळेन."

वेळ लागला. "ट्रक. ट्रक गेला. बस. बस गेली." सासूबाई "बरं, बरं" म्हणत राहिल्या आणि शेवटी रस्ता खरोखरच रिकामा झाला.

डॉक्टर ओळखीतले, त्यांनी उशीर पोटात घातला. सासूबाई आत गेल्या. बाइंडर दारात गाडीत बसून होता, तर पहारेकरी आला. "गाडी पुढे घ्या."

बाइंडरने पुढे घेतली. पुढे एकेरी रस्ता. डावीकडे वळला, तोही एकेरी. पुन्हा डावीकडे, तर ओळखीची मिठाईची दुकानं. मागे कुणीतरी सारखं हॉर्न वाजवत होतं. "हॉर्न. मागे," बाइंडर म्हणाला, आणि पहिल्यांदाच पोटात काही झालं नाही. आपल्या इमारतीसमोर त्याने गाडी एका दमात लावली.

बायको गॅलरीत कुबडीवर रेलून उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या. मग थांबली.

"अरे, आई कुठे आहे?"

बाइंडरने मागच्या सीटकडे पाहिलं. तेवढ्यात मागे एक टॅक्सी करकचून थांबली. तिच्यातून सासूबाई उतरल्या. पट्टी निघालेली, दोन्ही डोळे लख्ख उघडे.

"आई, मी..."

"राहू द्या. बाहेर आले तर तुमची गाडी कोपऱ्यावरून वळताना दिसली. टॅक्सीने लगेच गाठलंच तुम्हाला, पण पुढे काही जाता येईना." त्यांनी पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला. "टॅक्सीवाला सारखा विचारत होता, हा पुढे कोण चालवतोय म्हणून. मी म्हटलं, कोण आहे कुणास ठाऊक."